बीपी नॉर्मल आहे, मग दुखतंय कशाने?

स्वादुपिंडाला अचानक येणारी सूज आणि पालघर जिल्ह्यातला मोखाडा तालुका या दोन गोष्टी एका वाक्यात सहसा येत नाहीत. मोखाड्याची बातमी होते ती कुपोषणाची, उन्हाळ्यातल्या टँकरची, नाहीतर डोलीतून आणलेल्या बाळंतिणीची. स्वादुपिंडाचा आजार म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो दारू पिणारा पुरुष. पण हा आजार गरोदर बाईलाही होतो. खोडाळ्याच्या पुढच्या एखाद्या पाड्यावरच्या बाईला झाला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. त्याबद्दल मोखाड्यात बोलायचं की नाही, यावरच मुळात दोन मतं आहेत.

ती दोन मतं समोरासमोर बसवावीत म्हणून हा संवाद मी रचला आहे. त्यातल्या दोघी म्हणजे कोणी खरी माणसं नव्हेत, म्हणून त्यांना नावंही दिलेली नाहीत. एक डॉक्टर आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञ, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात काम करणाऱ्या. दुसऱ्या सिस्टर, जव्हार-मोखाड्याच्या उपकेंद्रांत नोकरी करून निवृत्त झालेल्या. वाद मात्र रचलेला नाही. आडवळणाच्या तालुक्यात ज्यांनी काम केलंय, त्यांना तो ओळखीचा वाटेल.

सिस्टर : मॅडम, आधी मला एक सांगा. हजारात एखादीला होणारा आजार घेऊन तुम्ही आमच्याकडे कशाला आलात? इथलं रोजचं दुखणं बघा. एचबी सात, साडेसात. वजन चाळीसच्या आत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली बाई होळीला परत येते तेव्हा तिला सातवा महिना लागलेला असतो आणि कार्डावर एकही नोंद नसते.

डॉक्टर : हजारात एक असं काही अभ्यास सांगतात. काही सांगतात दहा हजारांत एक.

सिस्टर : मग तर बोलणंच खुंटलं. २०११च्या जनगणनेत आमच्या तालुक्यात त्र्याऐंशी हजार माणसं होती. वर्षाला दीड-दोन हजार बाळंतपणं धरा. तुमचा पहिला आकडा खरा मानला तर वर्षाला एक-दोन बायका, दुसरा मानला तर पाच-सहा वर्षांत एक. तिच्यासाठी मी आशांची सबंध मीटिंग घालवू? त्याच वेळात मी लोहाच्या गोळ्या का टाकून देता, एवढं विचारलं तर जास्त बायका वाचतील.

डॉक्टर : तुमच्या नोकरीत तुम्हाला अशी एकही दिसली नाही?

सिस्टर : नाही.

डॉक्टर : दिसली नाही, की दिसली आणि ओळखली नाही? रजिस्टरवर तिच्यापुढे काय लिहिलं असेल? 'ॲसिडिटी'. घरच्यांनी काय म्हटलं असेल? पित्त. भगताने सांगितलं असेल बाहेरचं. आणि ती गेली असेल तर कागदावर हृदय बंद पडल्याचं कारण. हृदय तर सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं.

सिस्टर : भगताला हसू नका, मॅडम. तो रात्री दोन वाजता दार उघडतो.

इथे थोडं थांबून स्वादुपिंडाची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर वाद हवेत राहील. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवा पसरलेला हा अवयव अन्न पचवणारे रस तयार करतो आणि इन्सुलिनही. त्याची नळी आणि यकृत-पित्ताशयाकडून येणारी पित्तनलिका बहुतेकांत एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. पित्ताचा एक बारीक खडा त्या तोंडाशी अडकला की स्वादुपिंडाच्या रसाची वाट अडते, आणि जो रस आतड्यात गेल्यावर कामाला लागायचा तो आतच कामाला लागतो. अवयव स्वतःलाच पचवू लागतो. बेंबीच्या वर, छातीखाली तीव्र दुखतं, कळ पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत, उताणं झोपवत नाही, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. दहातल्या आठ जणांचं हे आठवड्याभरात निवळतं. उरलेल्या दोघांत सूज पोटाच्या बाहेर जाऊन फुप्फुसं, मूत्रपिंडं, रक्तदाब सगळ्यांवर हल्ला करते. पहिल्या दिवशी मात्र या आठ आणि दोघांत फरक करता येत नाही. सगळा वाद या एका वस्तुस्थितीभोवती फिरतो.

सिस्टर : पण खडे हा खात्यापित्या बाईचा आजार ना? आम्हाला तसंच शिकवलंय. जाड, चाळिशीची, तूप खाणारी.

डॉक्टर : तो अर्धाच धडा. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं आणि प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय आळसावतं, नीट रिकामं होत नाही. साचलेल्या पित्तात गाळ बसतो, गाळाचे खडे होतात. जितकी बाळंतपणं जास्त, तितका धोका जास्त. पुन्हा, उपाशी राहणाऱ्या आणि भराभर वजन घटणाऱ्या माणसालाही खडे होतात, कारण पोटात अन्न आलंच नाही तर पित्ताशय पिळलंच जात नाही. भट्टीवर सकाळपासून विटा उचलणारी, दुपारी एकदाच खाणारी, चौथ्यांदा दिवस गेलेली बाई यात बसते की नाही?

सिस्टर : बसते.

डॉक्टर : आणि सिकलसेल धरा. पालघर, नाशिक, नंदुरबार या पट्ट्यातल्या आदिवासींत तो आहे. त्यात तांबड्या पेशी सतत फुटतात, फुटलेल्या पेशींतलं रंगद्रव्य पित्तात उतरतं आणि काळे खडे तयार होतात, तेही तरुण वयात. त्या मुलीचा आणि तुपाचा काही संबंध नसतो. जंतांचंही तसंच. मोठे जंत आतड्यातून पित्तनलिकेत शिरतात आणि स्वादुपिंडाला सूज आणतात, हे काश्मीरमधल्या डॉ. खुरू यांनी सविस्तर दाखवून दिलं आहे.

सिस्टर : दारू?

डॉक्टर : पुरुषांत ते मोठं कारण. गरोदर बायकांत पहिला नंबर पित्ताच्या खड्यांचा. दुसरं मोठं कारण रक्तातली चरबी. शेवटच्या तिमाहीत ट्रायग्लिसराइड प्रत्येकीचंच दुप्पट-चौपट होतं. ज्यांना घराण्यातून दोष आलेला असतो किंवा मधुमेह असतो, त्यांच्यात ते हजाराच्या वर जातं, आणि नळीत काढलेलं रक्त ठेवलं की वर दुधासारखा थर येतो. ते तुमच्याकडे कमी, आमच्याकडे जास्त.

सिस्टर हे सगळं ऐकून घेतात, पण नमत नाहीत. त्यांचा मुद्दा ज्ञानाचा नाहीच. त्यांचा मुद्दा असा की बेंबीच्या वर दुखतंय हे त्यांच्या शिक्षणात धोक्याचं लक्षण म्हणून आहेच.

सिस्टर : आठव्या महिन्यातली बाई म्हणाली की छातीखाली दुखतंय, तर आम्ही आधी बीपी घेतो, मग लघवीत प्रोटीन बघतो. झटके येण्याआधी असं दुखतं. ते आम्हाला झोपेतही सांगता येईल. तुम्ही आम्हाला नवीन काय सांगताय?

डॉक्टर : बीपी एकशे दहा-सत्तर आलं. प्रोटीन नाही. मग?

सिस्टर : मग... पित्ताची गोळी. पातळ औषध. घरी जा, जास्त झालं तर ये.

डॉक्टर : हेच ते. तुमचं शिक्षण चुकलेलं नाही, सिस्टर, ते एका पायरीवर थांबलंय. बीपी जास्त आलं तर बाईला गाडी मिळते. बीपी नॉर्मल आलं तर तिचं दुखणंच नॉर्मल ठरतं. पण स्वादुपिंडाच्या सुजेत पहिल्या काही तासांत बीपी नॉर्मलच असतं. ते घसरतं तेव्हा उशीर झालेला असतो.

सिस्टर : मग प्रत्येक पोटदुखीला नाशिकला ढकलू? मोखाड्यात पोटात न दुखणारी गरोदर बाई दाखवा मला.

वादाची खरी गाठ इथे आहे. डॉक्टरांच्या मते शंका आली की पाठवा, कारण पहिल्या दिवशी सौम्य दिसणारा आजार तिसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात नेतो. सिस्टरांच्या मते पाठवणं हीसुद्धा एक मात्रा आहे. जास्त दिली तर तिचाही गुण जातो.

सिस्टर : पाठवायचं म्हणजे काय, ते तुम्ही तिकडून बघता. मी इकडून सांगते. २०२२च्या ऑगस्टमध्ये बोटोशीच्या मर्कटवाडीतली बाई डोलीत घालून आणावी लागली, रस्ताच नाही. सातव्या महिन्यात घरीच मोकळी झाली होती. जुळी होती, दोन्ही गेली. २०२५च्या जूनमध्ये जोगलवाडीच्या बाईला गाडी वेळेत मिळाली नाही. खोडाळा, मोखाडा, मग नाशिक. तिथे पोचेपर्यंत बाळ पोटातच गेलेलं. आणि परत येताना बापाने ते पिशवीत घालून एसटीने आणलं. पेपरात आलं, तुम्ही वाचलं, हळहळलात. आमच्या पाड्यावर ते वाचलं गेलं नाही, ते सांगितलं गेलं. त्यानंतर आशा दाराशी गेली आणि म्हणाली नाशिकला चला, तर सासू काय म्हणेल?

डॉक्टर : सासू चूक आहे असं मी म्हणत नाही.

सिस्टर : आणि पाठवलेल्या दहातल्या नऊ जणींना तिकडे सांगतात, काही नाही, गॅस आहे. नवऱ्याची मजुरी बुडाली, घरची पोरं शेजारणीकडे, बाळंतपणासाठी ठेवलेले पैसे चहा-वडापावात गेले. ही बाई पुढच्या वेळी जाणार नाही. तिची जाऊही जाणार नाही. तुमची एक बाई वाचवायला मी दहा जणींचा विश्वास खर्च करते, याचा हिशोब कोण ठेवतं?

डॉक्टर : कोणीच नाही. मान्य. पण म्हणून दहावीला घरी पाठवायचं का?

सिस्टरांचं हे म्हणणं मला वजनदार वाटतं, आणि वैद्यकीय चर्चेत ते क्वचितच ऐकू येतं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११पासून घरून दवाखाना, दवाखान्यातून मोठा दवाखाना आणि तिथून परत घर असा तिन्ही टप्प्यांचा प्रवास मोफत लिहिलेला आहे. पहिल्या टप्प्यावर सगळे बोलतात. तिसरा टप्पा, म्हणजे परत आणून सोडणं, कुणाच्या भाषणात येत नाही. पुढची बाई जाईल की नाही, हे मात्र मागची बाई परत कशी आली यावर ठरतं.

डॉक्टर आता थोड्या मागे सरकतात, पण भलत्याच दिशेने.

डॉक्टर : बरं, पाठवू नका. निदान इथे काय होऊ शकतं ते तरी करू. हा आजार बरा करणारी गोळी जगात कुठेच नाही. नाशिकला काय, मुंबईला काय, पहिल्या दिवसाचा उपचार म्हणजे शिरेतून पाणी, वेदना कमी करणं आणि लक्ष ठेवणं. सूज आली की रक्तातलं पाणी झिरपून पोटात साचतं, शिरा रिकाम्या पडतात. गर्भाशयाकडे जाणारं रक्त शरीर सगळ्यांत आधी कमी करतं. आईचं बीपी अजून ठीक दिसत असतं आणि वारेला रक्त कमी पडू लागलेलं असतं. म्हणून सलाईन लवकर. ते ग्रामीण रुग्णालयात आहे, पीएचसीत आहे. आरएलची बाटली लावा आणि सोडा जोरात.

सिस्टर : जोरात?

डॉक्टर : जोरात.

सिस्टर : एचबी सहा असलेल्या बाईला?

डॉक्टर गप्प होतात. सिस्टर सोडत नाहीत.

सिस्टर : रक्तक्षय झालेल्या बाईला भराभर बाटल्या चढवल्या की काय होतं ते मी बघितलंय. रक्त आधीच पातळ, हृदय आधीच धावतंय. दुसरी बाटली संपायच्या आत धाप लागते, तोंडाला फेस येतो. तुमच्या स्वादुपिंडाने ती दुसऱ्या दिवशी गेली असती, तुमच्या सलाईनने ती दोन तासांत जाईल.

डॉक्टर : बरोबर बोललात. आणि जोरात सोडायचा नियम आता शहरातही मोडीत निघालाय. २०२२ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एक मोठी चाचणी आली. स्वादुपिंडाच्या सुजेच्या रुग्णांत निम्म्यांना भरपूर पाणी दिलं, निम्म्यांना बेताचं. भरपूर दिलेल्यांत पाचातल्या एकाच्या अंगात पाणी जास्त झालं, बेताचं दिलेल्यांत सोळातल्या एकाच्या. फायदा काहीच नाही, म्हणून चाचणी मध्येच थांबवली. ती गरोदर बायकांसाठी वेगळी केलेली नव्हती, पण दिशा तीच. बाई सुकलेली दिसली तर आधी किलोमागे दहा मिलि, दोन तासांत. नंतर तासाला किलोमागे दीड.

सिस्टर : चाळीस किलोच्या बाईला तासाला साठ. म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली आठ तास चालली पाहिजे.

डॉक्टर : हो. तीव्र रक्तक्षय असेल तर त्याहूनही जपून, आणि रक्ताची सोय लगेच. दर तासाला श्वास मोजा, फुप्फुसं ऐका, लघवी किती होते ते बघा.

मला वाटतं, या दोघींचा वाद इथे आपोआप बदलतो. दुर्मिळ आजार आणि नेहमीचा आजार असे दोन पक्ष धरून त्या बसल्या होत्या. पण बाई एकच आहे. दुर्मिळ आजार तिच्या नेहमीच्या आजारावर येऊन बसतो. पुस्तकातल्या रुग्णाचं एचबी बारा असतं आणि वजन साठ किलो असतं. त्या रुग्णाला चालणारा उपचार मोखाड्यातल्या रुग्णाला मारू शकतो. तेव्हा लोहाच्या गोळ्यांची मीटिंग आणि स्वादुपिंडाची मीटिंग वेगळ्या घ्यायचं कारण उरत नाही. ज्या तालुक्यात रक्त साठवण्याची सोय धड नाही, तिथे कुठलाही आजार जास्त घातक होतो, नाव काहीही असो.

सिस्टर : बाळाचं सांगा. आयांना पहिला प्रश्न तोच पडतो. स्वतःचं कोणी विचारत नाही.

डॉक्टर : सौम्य आजारात बाळाला सहसा काही होत नाही. वाढत गेला तर सगळ्यांत मोठा धोका म्हणजे दिवस भरण्याआधीच कळा सुरू होणं. पोटातली सूज गर्भाशयाला डिवचते. आई सुकली, तिला ऑक्सिजन कमी पडला, की बाळालाही कमी पडतो, हालचाल मंदावते. पहिल्या तिमाहीत गर्भपात होऊ शकतो. हा आजार जास्त करून तिसऱ्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतरच्या लगेचच्या दिवसांत येतो, त्यामुळे अपुऱ्या दिवसांचं बाळ हाच त्याचा नेहमीचा परिणाम. १९७३ साली अमेरिकेत जुन्या-नव्या सुमारे शंभर केसेस एकत्र तपासल्या तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आया आणि तितकीच बाळं दगावलेली होती. आज चांगल्या रुग्णालयात शंभरात एक-दोन आयाही जात नाहीत.

सिस्टर : चांगल्या रुग्णालयात.

डॉक्टर : हो. औषध बदललं नाही, ओळखण्याची घाई आणि लक्ष ठेवण्याची पद्धत बदलली. म्हणून १९७३चा आकडा जुना झाला असं मी म्हणणार नाही. जिथे हा आजार पकडणारी लायपेजची रक्ततपासणी होत नाही आणि तज्ज्ञ डॉक्टर नाही, तिथे घड्याळ अजून तिथेच असू शकतं.

सिस्टर : मग लोक म्हणतात ते करायचं का? मूल काढून टाका, बाई सुटेल.

डॉक्टर : नाही. मूल काढणं हा स्वादुपिंडाचा उपचार नव्हे. बाळाचे दिवस भरले असतील, बाळ त्रासात असेल किंवा आई ढासळत चालली असेल तर तो निर्णय घ्यावा लागतो, एरवी थांबायचं. आणि एक कृपा करा, पोटात दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देऊ नका. गरोदरपणाच्या उत्तरार्धात ते बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी अवेळी बंद करू शकतं. आईची मूत्रपिंडं आधीच अडचणीत असतात, त्यांच्यावर आणखी भार येतो. पॅरासिटामॉल चालेल, त्याहून जोरदार वेदनाशामकं डॉक्टर समोर असताना.

सिस्टर : कळा अवेळी सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठीचं इंजेक्शन? ते आमच्या हातात आहे. २०१४च्या केंद्राच्या सूचनेत एएनएमने डेक्सामेथासोनचा पहिला डोस देऊन पुढे पाठवावं असं आहे.

डॉक्टर : आहे, चोवीस ते चौतीस आठवड्यांत, खऱ्या कळा असतील तर. पण तिथेही तुमचाच मुद्दा पुढे येतो. २०१५ साली सहा देशांतल्या खेड्यापाड्यांत एक अभ्यास झाला, त्यात आपलं नागपूर आणि बेळगावही होतं. हे इंजेक्शन गावपातळीवर सर्रास वापरायला सांगितलं. अपेक्षा होती बाळं वाचतील. निघालं उलटं. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, एकूण नवजात मृत्यू किंचित वाढले, आयांना जंतुसंसर्ग वाढला. पुढे २०२०मध्ये रुग्णालयांतला अभ्यास आला. जिथे दिवस नीट मोजले जातात, बाळाला ऊब आणि श्वास देण्याची सोय आहे, तिथे त्याच इंजेक्शनाने बाळं वाचली.

सिस्टर : म्हणजे औषध तेच, जागा बदलली की निकाल बदलतो.

डॉक्टर : म्हणूनच मी पाठवा पाठवा म्हणते. तीस आठवड्यांचं बाळ उपकेंद्रात जगवता येत नाही. बाळ पोटात असतानाच आईला जव्हारला किंवा नाशिकला नेणं, हीच त्याची सगळ्यांत चांगली काचेची पेटी.

सिस्टर : आणि मी म्हणते, पाठवताना सोबत माणूस द्या, चिठ्ठी नीट लिहा, आणि परत आणा.

या टप्प्याला मला दोघींतलं अंतर कमी झाल्यासारखं वाटलं, पण पुढच्याच मुद्द्यावर ते पुन्हा वाढतं. आजार निवळल्यावर काय, हा तो मुद्दा.

डॉक्टर : खडे असतील तर पित्ताशय काढायला हवं. नाहीतर अनेकींना पुन्हा तीच सूज येते, कधी त्याच गरोदरपणात. दुर्बिणीचं ऑपरेशन दुसऱ्या तिमाहीत सगळ्यांत सोयीचं. ती वेळ गेली असेल तर बाळंतपणानंतर लवकर.

सिस्टर : आजार येतो तिसऱ्या तिमाहीत, ऑपरेशन सोयीचं दुसऱ्या तिमाहीत, आणि बाळंतपणानंतर बाई दिवाळी बघून भट्टीवर. तुमचा खडा भिवंडीला निघाला, मॅडम. तिथे तिच्याजवळ कार्डही नसतं.

डॉक्टर : मग भट्टीवर जायच्या आधी करा.

सिस्टर : श्रावणात? आवणी सोडून? तुम्ही एकदा आमच्याकडचं वर्ष मांडून बघा, त्यात ऑपरेशनचा महिना कुठला ते मला सांगा.

याचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. स्थलांतर करणाऱ्या बाईचं उपचाराचं वेळापत्रक तिच्या मजुरीच्या वेळापत्रकाशी जुळवणं हे वैद्यकशास्त्राच्या आवाक्यातलं काम नव्हे. रोजगार हमीवर ते जास्त अवलंबून आहे.

खाण्यापिण्याबद्दल मात्र दोघींचं पटलं. पूर्वी या आजारात रुग्णाला कित्येक दिवस तोंडाने काहीच देत नसत. आता उलटी थांबून भूक लागली की चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत हलकं, तेल-तूप नसलेलं खाणं सुरू करतात, कारण उपाशी आतडं जंतूंना वाट देतं. आधीच काटकुळ्या बाईला उपाशी ठेवणं तर दुहेरी मार. भाताची पेज, नागलीची आंबील, पातळ वरण हे मोखाड्यातलंच पथ्य इथे कामाला येतं. २०१५पासून अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचं जेवण आहे. ते वेळेवर आणि पोटभर मिळालं तर रोज उपास घडून पित्त साचण्याचा प्रश्न थोडा तरी हलका होईल. पित्ताचा खडा आणि अंगणवाडीचं बिल यांचा असाही संबंध आहे.

सिस्टर : शेवटी आशांना काय सांगू ते एका दमात सांगा. मोठं व्याख्यान नको.

डॉक्टर : बेंबीच्या वर दुखतंय, कळ पाठीत जाते, उलट्या होतात, आणि दोन-तीन तासांत थांबत नाही. अशी गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई घरी पाठवायची नाही. बीपी नॉर्मल असलं तरी नाही. डोळे पिवळे असतील, ताप असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, सिकलसेलची असेल, तर तासभरही थांबायचं नाही.

सिस्टर : बाकीच्या पोटदुखीला?

डॉक्टर : बाकीच्या पोटदुखीला तुमचं डोकं वापरा. ते माझ्यापेक्षा जास्त चाललंय इथे.

सिस्टर : आणि सोनोग्राफीवाल्यांना सांगा, फक्त बाळ बघून फिल्म काढू नका. तीच बाई, तेच यंत्र. जरा वर सरकून पित्ताशय बघायला किती वेळ लागतो?

डॉक्टर : दोन मिनिटं. सोनोग्राफीत शेवटच्या महिन्यांत स्वादुपिंड नीट दिसत नाही, पण खडे दिसतात. आणि चिठ्ठीत 'पोटदुखी' एवढंच लिहू नका. कुठे, किती वाजल्यापासून, किती बाटल्या गेल्या, कोणतं इंजेक्शन दिलं, एचबी किती. ती चिठ्ठी वाचून आमचे दोन तास वाचतात.

सिस्टर : चिठ्ठी आम्ही लिहू. उत्तर तुम्ही लिहाल का? गेलेल्या बाईचं काय झालं हे आम्हाला तुमच्याकडून कधीच कळत नाही. एसटीतून उतरलेल्या माणसाकडून कळतं.

माझा कौल असा. बाईला घरी पाठवू नये, यात डॉक्टर बरोबर आहेत. तिला कसं पाठवावं, यात सिस्टर बरोबर आहेत, आणि हे दुसरं काम जास्त कठीण असल्यामुळे त्यावर पैसा आणि लक्ष आधी जायला हवं. पण एक गोष्ट रस्ता होण्याची, रक्तपेढी होण्याची वाट न बघता करता येईल. गरोदर बाईच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड असतं आणि त्यावर धोक्याची लक्षणं छापलेली असतात. आरोग्य विभागाने त्या यादीत एक ओळ वाढवावी: बेंबीच्या वर सतत दुखणं आणि उलट्या, बीपी नॉर्मल असलं तरी. घरात गरोदर बाई असलेल्या वाचकाने ती छापून येण्याचीही वाट बघू नये. आजच कार्डावर पेनाने ती लिहावी आणि शेजारी १०२ आणि १०८ हे दोन नंबर.